टॉप ४० मधून रॅप गायब! जुनं हिपहॉप ऐकणारं कोणी आहे का इथे?

शटरबंद

नमस्कार मंडळी. रॅपवर मी धागा काढीन असं कुणी सांगितलं असतं तर मीच हसलो असतो. निमित्त आमचे चिरंजीव, वय वर्षं १९. परवा जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, "बाबा, रॅप संपलं." घरातलं कुणी गेल्यासारखा चेहरा. चौकशी केली तेव्हा कळलं की अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या 'हॉट १००' यादीत, २५ ऑक्टोबर २०२५ च्या, पहिल्या चाळीस गाण्यांत एकही रॅप नाही. असं १९९० नंतर पहिल्यांदाच झालंय.

१९९० ऐकलं आणि माझा घास हातातच राहिला. तेव्हा डोंबिवलीत माझं कॅसेटचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालचा गाळा. इंग्रजी कॅसेटींना एकच खण आणि त्यात रॅपची एकुलती एक कॅसेट, एम. सी. हॅमरची. ती वर्षभर ऊन खात पडली, कव्हरचा रंग उडून गेला. मग १९९२ ला बाबा सेहगलचं 'ठंडा ठंडा पानी' आलं आणि माल पुरेना. माझं रॅपचं ज्ञान इथे सुरू होतं आणि इथेच संपतं.

तर प्रश्न दोन. ही बातमी खरंच एवढी मोठी आहे का? आणि पोराशी नीट वाद घालायचा तर जुनं रॅप कुठून ऐकायला घेऊ? जुनं म्हणजे टुपाकपासून, बरोबर ना?

रात्रपाळी

पहिला! चहा टाकून बसतो.

टीपकागद

टुपाकपासून? अहो शटरबंद, इथे कुणी दर्दी असेल तर तुमची खैर नाही. टुपाक गेला सप्टेंबर १९९६ ला, त्याच्या तोडीचा रॅपर बिगी मार्च १९९७ ला. तोवर रॅपची दोन युगं होऊन गेली होती.

'ओल्ड स्कूल' हा शब्द जाणकार साधारण १९७३ ते १९८३ या काळासाठी वापरतात. मग रन-डीएमसी हा रॅप ताफा आला. मागचा बँड गेला, उरलं ड्रम मशीन आणि दोन दणदणीत आवाज. आधीच्या मंडळींचे चमचमते पोशाख जाऊन काळी हॅट आणि बिनलेसचे आदिदासचे बूट आले, आणि आदल्या दिवशीपर्यंतचे हिरो रातोरात जुने ठरले. तिथून नव्वदीच्या मध्यापर्यंतचा तो सुवर्णकाळ. टुपाक त्याच्या शेपटाला. तुम्ही 'जुनी मराठी गाणी' म्हणून अजय-अतुल लावताय.

चहाटळ

अजय-अतुल जुनेच झाले हो आता. माझी भाची म्हणते, 'आईच्या वेळचं गाणं'.

खडूस_काका

रॅप मेलं असेल तर दोन उदबत्त्या माझ्याकडून. सूर नाही, गायकी नाही. एकाने बडबडायचं आणि मागे दुसऱ्याने तिसऱ्याचीच गाणी वाजवायची. गाता येत नाही, वाजवता येत नाही, म्हणून रेकॉर्डी घासायच्या. आणि शटरबंद, तुम्ही जो 'ठंडा ठंडा पानी' विकलात तो चोरीचा माल होता, ठाऊक आहे ना?

चहाटळ

काका, वंशावळच देतो. क्वीन हा बँड आणि गायक डेव्हिड बोवी यांचं 'अंडर प्रेशर', १९८१. त्यातली बास लाइन, म्हणजे बास गिटारची धून, उचलली अमेरिकन रॅपर व्हॅनिला आइसने, १९९० ला. त्याची बाबा सेहगलने, १९९२ ला. आणि बाबाची कोऱ्या कॅसेटीवर कोणी उचलली असेल डोंबिवलीत?

शटरबंद

एका कॅसेटवरून दुसरी भरायची डबल डेक होती दुकानात. नाही कशाला म्हणू.

अशील

व्यवसायाने वकील आहे म्हणून सांगतो, धाग्यावर कबुलीजबाब देऊ नका. बाकी चोरीच्या मुद्द्यावर बोलण्यासारखं बरंच आहे. कोर्टातून आलो की लिहितो.

जर्सीवासी

न्यू जर्सीत २२ वर्षं काढली. हिपहॉपच्या, म्हणजे रॅप, डीजे आणि त्यावरचा नाच या सगळ्याच्या, जन्मस्थानी जाऊन आलोय, म्हणून चार ओळी.

जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडला, मॅनहॅटनचं टोक कापून ब्राँक्समध्ये शिरलं की लगेच १५२०, सेजविक अव्हेन्यू. बायकोला वाटलं होतं काहीतरी स्मारक असेल, तिकीटबिकीट असेल. प्रत्यक्षात विटांची उंच इमारत, लोक राहतात तिथे. एक आजी वाणसामानाच्या पिशव्या सांभाळत पाठीने दार ढकलत होत्या. आम्ही फोटो काढतोय बघून त्यांनी 'आले अजून दोघं' अशा नजरेने पाहिलं. मी दार धरलं तेव्हा हसल्या. शेजारून महामार्ग. ट्रकांची घरघर थांबतच नाही.

तर ११ ऑगस्ट १९७३. या इमारतीतला खालचा हॉल, आपल्या सोसायटीत वाढदिवसाला भाड्याने देतात तसा. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा उघडायच्या आधी नवे कपडे घ्यायचे होते. पैसे जमवायला तिने पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. गाणी लावायला घरचाच माणूस, थोरला भाऊ क्लाइव्ह, वय १८. मूळचा जमैकाचा, अंगाने धिप्पाड, म्हणून पोरं 'हर्क्युलिस' म्हणायची. त्याचा झाला डीजे कूल हर्क.

हर्कच्या लक्षात आलं की नाचणारी पोरं पूर्ण गाण्यावर नाचतच नाहीत. ती एका जागेसाठी दबा धरून असतात. गाणारा थांबतो, बाकीची वाद्यं गप्प होतात, फक्त ड्रम आणि बास उरतो. तो 'ब्रेक'. तेवढ्यात जीव तोडून नाचायचं. पण ब्रेक असतो काही सेकंदांचा. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती रेकॉर्ड वाजवायच्या दोन टर्नटेबलांवर ठेवल्या. इकडचा ब्रेक संपला की तिकडचा लावायचा, तोवर इकडची सुई मागे. ब्रेकवर नाचणारे ते ब्रेक बॉइज, म्हणजे बी-बॉइज. माइकवर त्याचा मित्र कोक ला रॉक मध्येमध्ये मित्रांची नावं घेऊन आरोळ्या ठोकायचा. रॅपचं मूळ म्हणाल तर ते एवढंच.

रात्रपाळी

बी-बॉइज म्हणजे ते २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधलं ब्रेकडान्सवालं? ती कांगारूसारख्या उड्या मारणारी बाई?

सुईदोरा

हो, आणि त्याच स्पर्धेत जपानच्या अमीने सुवर्ण जिंकलं, कॅनडाच्या फिल विझार्डने पुरुषांमध्ये. ते कुणाला आठवत नाही, उड्या तेवढ्या आठवतात.

खडूस काका, 'वाजवता येत नाही म्हणून रेकॉर्डी घासायच्या' याला माझा आक्षेप आहे आणि तो कापडाच्या अंगाने आहे. माझं शिवणकामाचं छोटं युनिट आहे.

हर्क सुई अंदाजाने टाकायचा. कधी ब्रेकवर पडायची, कधी त्याच्या पुढेमागे. ते ग्रँडमास्टर फ्लॅश या दुसऱ्या डीजेला खटकलं. हा मूळचा बार्बाडोसचा, ब्राँक्समध्ये वाढलेला, शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता. त्याची अडचण अशी की टर्नटेबलवर रबराची चकती असते आणि ती रेकॉर्ड घट्ट धरून ठेवते. रेकॉर्ड हाताने मागे फिरवायची तर खालची तबकडीही अडते. त्याला रेकॉर्ड थांबायला हवी होती आणि तबकडी फिरती राहायला हवी होती. मग त्याने फेल्टचं कापड गोल कापलं. पण नुसतं फेल्ट लुळं, चुरगळतं. म्हणून स्टार्च मारून, इस्त्री करून कडक केलं. आपण कॉलरला कॅनव्हास लावतो ना, तोच विचार! आज दुकानात 'स्लिपमॅट' म्हणून मिळते ती हीच.

दुसरं म्हणजे त्याने रेकॉर्डवर क्रेयॉनने खूण केली. घड्याळाच्या काट्यासारखी. ब्रेक सुरू होतो तिथे रेघ, आणि किती फेरे उलटे फिरवले की रेघ परत तिथे येते हे मोजायचं. माप घेऊन खडूने खूण करायची आणि मग कात्री लावायची. यात 'येत नाही म्हणून' कुठे आलं? पट्ट्यावर चालणाऱ्या टर्नटेबलला हे झेपत नाही, म्हणून मोटर थेट तबकडीखाली असलेलं टेक्निक्स कंपनीचं १२०० हे टर्नटेबल सगळ्या डीजेंचं लाडकं झालं.

घासण्याचा, म्हणजे स्क्रॅचचा शोध ग्रँड विझार्ड थिओडोरच्या नावावर. आई ओरडायला खोलीत आली म्हणून त्याने फिरती रेकॉर्ड हाताने धरून ठेवली, आणि हेडफोनमध्ये जे ऐकू आलं ते त्याला आवडलं. आयांच्या ओरडण्याचा असाही उपयोग होतो.

शटरबंद

सुईदोरा, प्रतिसाद दोनदा वाचला. कोरी कॅसेट भरताना मी नेमकं हेच करायचो हो! पॉझ अर्धा दाबून ठेवायचा आणि ठेका आला की सोडायचा. गणपतीच्या मंडळाला सलग नाचायला हवं असायचं, मध्ये गॅप चालायची नाही. काट्यावर नजर ठेवून बसायचो. मला वाटायचं मी गिऱ्हाइकी करतोय.

टीपकागद

शटरबंद, पॉझचं बटण वापरून टेप बनवणं हा न्यूयॉर्कमध्ये रीतसर प्रकार होता, 'पॉझ टेप'च म्हणतात. ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या रॅप ताफ्यातल्या क्यू-टिपची सुरुवात त्यातूनच झाली.

आता चोरीकडे. काकांना वाटतं चोरी फक्त चालीची. रॅपची पहिली गाजलेली रेकॉर्ड 'रॅपर्स डिलाइट', १९७९. सिल्विया रॉबिन्सन या बाईंनी न्यू जर्सीतल्या एंगलवूडमधून काढली. मूळ प्रत चौदा मिनिटांच्या वर. चाल शीक या बँडच्या 'गुड टाइम्स'ची, आणि तीही रेकॉर्डवरून उचललेली नाही, स्टुडिओत वादकांकडून पुन्हा वाजवून घेतलेली. शीकच्या नाइल रॉजर्सने कोर्टाची भाषा केल्यावर त्यांची नावं लागली.

पण शब्द? गाणाऱ्या तिघांतला बिग बँक हँक पिझ्झाच्या दुकानात कामाला. त्याला कविता येत नव्हत्या. त्याने ग्रँडमास्टर कॅझ या ब्राँक्सच्या रॅपरच्या ओळी घेतल्या. त्या इतक्या जशाच्या तशा घेतल्या की कॅझ स्वतःच्या टोपणनावाचं एकेक अक्षर सुटं करून गायचा तेही हँक गायला. म्हणजे रेकॉर्डवर हँक सगळ्या जगाला कॅझचं नाव सांगतोय. कॅझला दमडी मिळाली नाही.

चहाटळ

निबंधाची कॉपी करताना खालचं नावही उतरवणारा आमच्या वर्गात एक होता. आता नगरसेवक आहे.

गुहागरी

कॅझची गोष्ट वाचून चुलत्यांची वही आठवली.

आमच्याकडे शक्ती-तुरा, दोन पार्ट्यांचा गाण्यातला सामना. जाखडी म्हणा, बाल्या नाच म्हणा. चुलते कलगीवाले, म्हणजे शक्तीच्या बाजूचे शाहीर. रात्री दहाला सामना उभा राहिला की पहाट. आधी गण, गवळण, मग सवाल-जवाब आणि टोमणे. पोरं पायात चाळ बांधून गोल फिरतात, मध्ये ढोलकी आणि झांज. चुलत्यांची वही कापडात बांधलेली असायची आणि ती चुलतीच्याच ट्रंकेत. का, तर एकदा कोरसातल्या पोराने चार ओळी समोरच्या पार्टीला पोचवल्या. सामन्यात तुरेवाला शाहीर उभा राहिला आणि चुलत्यांचा जवाब चुलत्यांनी सवाल टाकायच्या आधीच गाऊन मोकळा झाला. चुलते पंधरा दिवस कुणाशी बोलले नाहीत.

आणि चाल? चाल आम्ही कधीच आमची बांधली नाही. त्या वर्षी जे चालतंय ते घ्यायचं. कोळीगीत, कव्वाली, हिंदी सिनेमा, काहीही. चुलते म्हणायचे, नवी चाल दिलीस तर माणसं चालच ऐकत बसतील. ओळखीची दे, म्हणजे कान शब्दांकडे येतात.

रात्रपाळी

+१११. शेवटच्या दोन ओळींसाठी धागा जपून ठेवला.

टीपकागद

'रॅप म्हणजे आपली शाहिरीच' हे वाक्य असल्या प्रत्येक चर्चेत येतं आणि मला ते पटत नाही. तुमच्याकडे सवाल पुराणातला असतो, उत्तर शास्त्राला धरून द्यावं लागतं. रॅपच्या लढतीत विषय एकच असतो, मी कसा भारी आणि तू कसा भिकार. शिवाय ब्राँक्समध्ये ठेका मुख्य, शब्द नंतर आले. पण चुलत्यांचं चालीबद्दलचं म्हणणं बिनतोड आहे. त्याला उत्तर नाही.

तिरफळ

रत्नागिरीवाल्यांनी सगळं श्रेय नेऊ नये. आमच्या सिंधुदुर्गात डबलबारी भजन आहे. दोन बुवा, दोन पेट्या, पखवाज, आणि गजर थेट ताज्या सिनेमाच्या चालीवर. देवळात उभ्या उभ्या टोमणे मारतात आणि खाली म्हातारे शिट्ट्या वाजवतात.

गुहागरी

तुमच्या बुवांनी आमच्या शाहिराची चाल उचललेली मी परळच्या दामोदर हॉलमध्ये स्वतः ऐकली आहे.

तिरफळ

पुरावा?

अशील

कोर्टातून आलो, इथेही कोर्टच.

बरं, ऐका. शटरबंदांनी दिलेल्या १९९० च्या आकड्यात एक गंमत आहे. फेब्रुवारी १९९० मधल्या त्या आठवड्यात पहिल्या चाळिसात रॅप नव्हतं, कारण एक रॅप गाणं नेमकं ४१ व्या क्रमांकावर दाराबाहेर उभं होतं. बिझ मार्कीचं 'जस्ट अ फ्रेंड'. हा माणूस धृपद बेसूर गातो आणि ते ऐकून हसू आवरत नाही. पुढे ते गाणं ९ व्या क्रमांकापर्यंत चढलं.

याच बिझ मार्कीवर सॅम्पलिंगचा, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डचा तुकडा उचलून आपल्या गाण्यात वापरण्याचा, पहिला मोठा निकाल आहे. १९९१ च्या अल्बमात त्याने गिल्बर्ट ओ'सुलिव्हनच्या १९७२ च्या गाण्यातला पियानोचा तुकडा वापरला. परवानगी मागितली होती, मिळाली नव्हती, तरी वापरला. ही 'तरी' नडली. १७ डिसेंबर १९९१ ला न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश डफी यांनी निकाल दिला, त्याची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेने. वर प्रकरण फौजदारी कारवाईसाठी सरकारी वकिलांकडे धाडलं. पुढे फौजदारी झाली नाही, पण अल्बम दुकानांतून मागे घ्यावा लागला. १९९३ ला त्याचा पुढचा अल्बम आला, नाव 'ऑल सॅम्पल्स क्लिअर्ड!', उद्गारचिन्हासकट. असा अशील मला मिळायला हवा होता.

व्यवहारात काय बदललं? त्याआधी पब्लिक एनिमी, बीस्टी बॉइज, डे ला सोल यांच्या अल्बमांत डझनांनी तुकडे असायचे, एकावर एक रचलेले. निकालानंतर प्रत्येक तुकड्याची किंमत ठरायला लागली आणि तसला अल्बम परवडेनासा झाला. डे ला सोलची जुनी गाणी याच कटकटींमुळे वर्षानुवर्षं स्ट्रीमिंगवर नव्हती. शेवटी ३ मार्च २०२३ ला आली. तिघांतला डेव्ह, म्हणजे ट्रुगॉय, त्याच्या तीन आठवडे आधी वारला.

साकी_दिंडी

रॅपमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण 'चाल उचलली' या शब्दावर आमच्या नाट्यसंगीतवाल्या पंथाचं म्हणणं नोंदवून घ्या. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र', १८८२. पदांच्या चाली कुठून? कानडी पदांवरून, लावण्यांवरून, साक्या-दिंड्या तर परंपरेतल्याच. आजोबांची प्रत माझ्याकडे आहे, शिवण उसवलेली. त्यात पदाच्या डोक्यावर बारीक टायपात छापलंय 'चाल', आणि पुढे मूळ पदाचे पहिले शब्द. कुणाचं घेतलं ते लपवायचं नाही, उलट वाचणाऱ्याला गाता यावं म्हणून सांगायचं.

टीपकागद

साकी_दिंडी, इथे ब्राँक्स नेमकं उलटं आहे. हर्क आपल्या रेकॉर्डी पाण्यात भिजत घालून मधली लेबलं सोलून काढायचा! जमैकाच्या साउंड सिस्टमवाल्यांची, म्हणजे मोठे स्पीकर लावून नाचाला गाणी वाजवणाऱ्यांची, जुनी रीत. समोरचा डीजे वाकून बघेल, गाण्याचं नाव वाचेल आणि उद्या तेच वाजवेल, म्हणून.

साकी_दिंडी

बादलीत रेकॉर्डी? आमचे अप्पा असते तर त्यांनी अन्नपाणी सोडलं असतं.

चहाटळ

ट्रंकेत वही, बादलीत रेकॉर्ड.

सुईदोरा

अवांतर नाही, मुद्द्याचंच. आत्तापर्यंतच्या प्रतिसादांत पार्टी ठेवणारी सिंडी आणि रेकॉर्ड काढणारी सिल्विया अशा दोन बायका आल्या, पण गाणारी एकही नाही. फंकी फोर प्लस वन या रॅप ताफ्यातली 'वन' म्हणजे शा-रॉक. फेब्रुवारी १९८१ मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'वर हे लोक आले, अमेरिकेच्या देशभर दिसणाऱ्या टीव्हीवर रॅप गाणारा पहिला ताफा.

आणि रॉक्सॅन शांटे. १९८४, क्वीन्समधली, वय १४. एका ताफ्याने रॉक्सॅन नावाच्या शिष्ट मुलीची टिंगल करणारं गाणं काढलं होतं. हिने त्यांच्याच ठेक्यावर त्यांना धुतलं. ती सांगते की कपडे धुवायला निघाली होती, वाटेत निर्माता मार्ली मार्लने बोलावलं, एका दमात गाऊन टाकलं आणि कपडे धुवायला गेली. त्यानंतर उत्तरांना उत्तरं अशी डझनांनी गाणी आली.

शटरबंद, सुरुवात तिच्यापासून करा.

जर्सीवासी

चोरीचा प्रवास एकाच दिशेने झाला असं समजू नका. २००२ मध्ये गाडीत रेडिओ लावला आणि मधोमध लताबाई! लेन सोडता सोडता वाचलो. ट्रूथ हर्ट्स नावाच्या गायिकेचं 'अ‍ॅडिक्टिव्ह'. त्यात 'थोडा रेशम लगता है', १९८१ चा 'ज्योती' सिनेमा, संगीत बप्पी लाहिरी. गाण्याचा निर्माता डीजे क्विकला ते टीव्हीवर लागलेल्या हिंदी सिनेमात सापडलं होतं. त्याच गाण्यात रॅप करतोय राकिम, सुवर्णकाळातला बापमाणूस. लता मंगेशकर आणि राकिम एका गाण्यात, आणि दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याचं नाव ठाऊक असेल असं मला वाटत नाही. गाणं पहिल्या दहात गेलं. सारेगामाने ५० कोटी डॉलरचा दावा लावला, आणि अमेरिकन कोर्टाने बप्पीदांचं नाव लावल्याशिवाय विक्री नको असं बजावलं.

आशाबाईही सुटल्या नाहीत. ब्लॅक आइड पीज या अमेरिकन ताफ्याच्या २००५ च्या गाण्यात 'ये मेरा दिल' आहे, तिथे मात्र कल्याणजी-आनंदजींची नावं रीतसर लागली.

खडूस_काका

लताबाईंचा आवाज न विचारता? आणि यावर तुम्ही सगळे 'वा वा' करताय?

अनघड

काका, वय २३, रॅपच ऐकतो, तरी या एका गोष्टीत तुमच्या बाजूने आहे. 'अमेन ब्रेक' म्हणून एक तुकडा आहे. द विन्स्टन्स या बँडचं १९६९ चं 'अमेन, ब्रदर', रेकॉर्डच्या मागच्या बाजूला भरती म्हणून टाकलेलं गाणं. त्यात साधारण सात सेकंद फक्त ड्रम. वाजवणारा ग्रेगरी कोलमन. ते सात सेकंद हजारो गाण्यांत आहेत. रॅपमध्ये आहेत, इंग्लंडमधले 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' हे संगीतप्रकार तर त्यावरच उभे आहेत. कोलमनला त्यातलं काही मिळालं नाही. २००६ मध्ये गेला, हलाखीत. २०१५ मध्ये काही चाहत्यांनी वर्गणी काढून बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सरला २४ हजार पौंड दिले, तेवढंच. गायक जेम्स ब्राऊनचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्डचंही तेच. त्याचा ठेका वाजला नाही असा कोपरा नाही, पण गीतकार म्हणून नाव ब्राऊनचं, पैसे ड्रमरला नाहीत.

खडूस_काका

म्हणजे शेवटी माझंच खरं. माझे मोठे मेहुणे ऑर्केस्ट्रात कोंगो वाजवायचे. शोच्या जाहिरातीत गायकाचं नाव, निवेदकाचं नाव, मंडपवाल्याचंसुद्धा नाव. वादकांना 'आणि साथीदार'. त्यामुळे मला ठेक्यावाल्याचं कळतं. ज्याने हात झिजवला त्याला बाजूला ठेवून तुम्ही क्रेयॉनचं कौतुक करता.

सुईदोरा

काका, हे मान्य. क्रेयॉनचं कौतुक मागे घेत नाही, पण हे मान्य.

अशील

यात कायद्याचीही गोची आहे. हक्क चालीला आणि शब्दांना, शिवाय ध्वनिमुद्रण ज्याच्या मालकीचं त्याला. ड्रमरने जागेवर सुचून वाजवलेल्या ठेक्याला कुठल्या खान्यात टाकणार? बिझ मार्कीच्या निकालाने चोराला पकडलं, पण वसुली पोचली कंपनीकडे. कोलमनसारख्याच्या खिशापर्यंत ती वाट जातच नाही.

अनघड

मूळ प्रश्न राहिलाच. शटरबंद, मुलाला सांगा की अर्धी भानगड नियमांची आहे. बिलबोर्डने ऑक्टोबर २०२५ मध्येच नियम कडक केला. गाणं २६ आठवडे यादीत राहून पंचविसाच्या खाली घसरलं की ते काढून टाकतात. रॅपर केंड्रिक लामार आणि गायिका सिझाचं 'लुथर' १३ आठवडे पहिल्या नंबरावर होतं, मग घसरत अडतिसावर आलं आणि या नियमात उडालं. ते गेलं म्हणून पाटी कोरी दिसली. त्याच केंड्रिकने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच ग्रॅमी घेतले आणि सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात मैदान खाल्लं. मेलेला माणूस एवढं करत नाही.

पण अर्धी भानगड खरी आहे. नवं काही कानाला धरून ठेवत नाही, हे मी माझ्यावरून सांगतो. या वर्षी मी सगळ्यात जास्त ऐकलेला अल्बम १९९३ चा आहे. माझ्या जन्माआधीचा!

टीपकागद

यादीचंच म्हणाल तर १९७३ ते १९७९ हिपहॉपची एकही रेकॉर्ड नव्हती. पार्ट्यांच्या कॅसेटी हातोहात फिरायच्या, बस. सहा वर्षं कुठल्याही यादीत शून्य. 'रॅपर्स डिलाइट' चढून चढून चढलं ते ३६ पर्यंत. ती सहा वर्षं कॅझला विचारा संपल्यासारखी वाटत होती का.

शटरबंद

सगळ्यांचे मनापासून आभार. अहवाल देतो.

रविवारी माळ्यावरून डबल डेक उतरवली. आतला रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता, दोन दिवस बोटं काळी. स्टेशनाबाहेरच्या दुरुस्तीवाल्याने नवा घातला, दीडशे रुपये घेतले आणि वर विचारलं, "विकायची आहे का?" मग चिरंजीवांना बसवलं. फोनवरून ते अमेनचे सात सेकंद लावायचे, पॉझ सोडायचा, दाबायचा, परत लावायचे. चौदा वेळा केलं. माझा हात अजून बसतोय, एकही सांधा चुकला नाही, पण प्रत्येक सांध्याला 'टक्' असा आवाज येतो. मी म्हटलं, हेड साफ करायला हवं. तो म्हणाला, "राहू द्या बाबा, टक् तालात पडतंय."

कॅसेटीच्या कव्हरवर त्याला पेनाने लिहायला लावलं. 'ड्रम: ग्रेगरी कोलमन.' काका, तुमच्यासाठी.

खडूस_काका

बरं केलंत. मेहुण्यांना फोटो दाखवतो. रॅपबद्दलचं मत तेच आहे.

रात्रपाळी

कॅसेट विकणार का? एक प्रत इकडे.

अशील

लेखी उत्तर देऊ नका.

तिरफळ

गुहागरी, दामोदरचा पुरावा अजून आला नाही.

गुहागरी

वेळ नाही, पुढच्या महिन्यात गावात सामना आहे. चुलत्यांची वही आता माझ्याकडे, पहिल्यांदाच मी उभा राहतोय. सवाल तयार आहेत. चालही ठरली, या धाग्यातल्याच एका गाण्याची. कुठल्या ते सांगणार नाही, तुरेवाले इथे वाचतात.